कोडं सुटलं की खेळ मेला! शंभरदा खेळता येईल असा टेक्स्ट गेम सांगा

पांढरीकाठी | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कुणी प्रतिसादात स्क्रीनशॉट डकवणार नाही. मला दिसत नाही. जन्मापासून नाही, दहावीपर्यंत फळा दिसायचा, मग पहिल्या बाकावरूनच दिसायला लागला, मग नुसता उजेड. साताऱ्यात एका बँकेत टेलिफोन बोर्डवर आहे. घरी जुना लॅपटॉप, त्यावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. आवाजाचा वेग इतका ठेवलाय की आई म्हणते, "ह्याच्या कॉम्प्युटरात कोंबड्या भांडतात."

तर खेळ. माझ्यासारख्याला व्हिडिओ गेम म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम. पण टेक्स्ट ॲडव्हेंचर हा प्रकार जणू आमच्यासाठीच केलाय. खोलीचं वर्णन ऐकायचं, "उत्तरेला जा", "दिवा लाव" असं टाइप करायचं, पुढचं ऐकायचं. दिसणारा आणि न दिसणारा एकाच पाटावर. विल क्राउदर आणि डॉन वुड्सचा 'ॲडव्हेंचर' खेळलो, मग 'झोर्क'चा पहिला भाग. दोन्हींत गुण साडेतीनशेपैकी मिळतात. झोर्कला मला पाच महिने लागले. जेवताना, बसमध्ये, बोर्डवर "कृपया थांबा" म्हणताना डोक्यात तेच. ज्या रात्री संपला त्या रात्री झोपलो नाही.

आणि मग? पुन्हा खेळायला घेतला तर पाढे म्हटल्यासारखं व्हायला लागलं. गालिचा सरकव, झडप उघड, दिवा लाव, खाली उतर. मधे तो चोर येतो तेवढीच काय ती धाकधूक. बाकी सगळं माहीत. कोडं सुटलं की खेळ मेला. पाच महिने जे शिकलो त्याचा उपयोग शून्य, उलट त्या शिकण्यानेच खेळ संपवला.

कुणीतरी सांगितलं 'नेटहॅक' खेळ, तो दर वेळी नवा असतो. असेल. पण तो पडद्यावर अक्षरांनी नकाशा काढतो. माझा रीडर वाचतो: "डॉट डॉट डॉट व्हर्टिकल बार ॲट डॉट हॅश". हे जमवणारे अंध खेळाडू जगात आहेत, त्यांना माझा दंडवत. दिवसभर एक्स्टेन्शन नंबर ऐकल्यावर मला ते जमत नाही.

मला हवंय ते असं: खेळ वाक्यांतून बोलला पाहिजे. वीस मिनिटांत निकाल. दर वेळी मांडणी वेगळी. कथा नसली तरी चालेल, कोडी तर नकोतच. आणि हरलो तर माझ्या चुकीने हरलो असं वाटलं पाहिजे. "तीस वेगवेगळे शेवट आहेत" वाली गोष्ट सांगू नका, ते एकाच झाडाची पानं मोजणं झालं.

आहे का असं काही?

---

निमूट | सोमवार, रात्री ११:२०

२०२६ मध्ये हा प्रश्न? कुठल्याही चॅटबॉटला सांगा की तू खेळ चालव, मी खेळतो. मराठीतसुद्धा चालतं. दर वेळी नवीन.

---

पांढरीकाठी | सोमवार, रात्री ११:४१

केलं राव, तेही केलं. पहिले दोन दिवस हरखलो. मग एका गुहेत अडकलो, समोर अस्वल. मी गंमत म्हणून लिहिलं, "मी खिशातून तोफ काढतो." तर तो म्हणतो, वा, तुमच्या खिशातली तोफ चमकत होती! अस्वल पळालं. त्याला हरवायचंच नसतं हो कुणाला. हो जी, हो जी करणाऱ्याबरोबर कॅरम खेळून बघा एकदा. तीन खोल्यांमागे दार कुठल्या भिंतीला होतं तेही विसरला होता. मला नियम पाळणारा माठ गडी हवाय, हुशार गडी नको.

---

शेंगदाणा | मंगळवार, सकाळी ९:०५

साहेब, एक शंका. राग मानू नका. टेक्स्ट ॲडव्हेंचरमधून कथा काढली, कोडी काढली, मग उरतं काय? वांग्याच्या भरीतातून वांगं काढायचं म्हणताय. नशीब आणि डोकं दोन्ही लागणारा, दर वेळी नवा खेळ हवा असेल तर पत्ते आहेत की. ब्रेलचे पत्तेही मिळतात.

---

पांढरीकाठी | मंगळवार, दुपारी १:३२

राग कसला, प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी ब्रेलचा कॅट आहे, भाच्याला मेंढीकोटात मी नियमित लुटतो.

पण पत्त्यांत जागा नसते. मी चटईवर बसलोय आणि चटईवरच राहतो. झोर्कमधलं मला काय आठवतं सांगू? कोडी नाही आठवत. आठवतं ते तळघरात दिवा विझल्यावर वाटलेलं. काळोख माझ्या रोजच्या ओळखीचा, त्याची मला भीती नाही, तरी त्या खेळातल्या काळोखाची वाटली. कुठेतरी उभा होतो मी. डावीकडे काहीतरी होतं. ती जागा हवी, फक्त दर वेळी नवी हवी.

---

खडूसकाकू | मंगळवार, सायंकाळी ६:१८

अरे बाळा, माझ्याकडे जागा आहे. पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि तू तिथला राजा.

मी संगमनेरला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. चार मशीन, हार्डडिस्क एकातही नाही, फ्लॉपीवरून जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालू करायची. अभ्यासक्रमात होतं "दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम". ते दोन तासांत संपलं. मग डेव्हिड आल यांच्या बेसिक खेळांच्या पुस्तकातली झेरॉक्स माझ्या हाती लागली. त्यातला 'हमुराबी' मुलांकडून टाइप करून घेतला. एक मूल वाचायचं, एक टाइप करायचं, तिसरं चुका पकडायचं. मूळ खेळ डग डाइमेंट यांचा, १९६८चा. तेव्हा पडदाच नव्हता, कागदावर छापून यायचं. म्हणजे तुझ्या रीडरला अडायचं काही कारणच नाही. नकाशा नाही, चित्र नाही, फक्त वाक्यं आणि आकडे.

तू सुमेरचा राजा. १०० माणसं, १००० एकर, कोठारात २८०० बुशेल. (बुशेलला मी मुलांना 'पोतं' सांगायचे. माप चुकीचं, पण डोळ्यासमोर येतं.) राज्य दहा वर्षांचं. दर वर्षी खेळ विचारतो: जमीन किती घेणार, किती विकणार, लोकांना खायला किती देणार, पेरणार किती. बस. जमिनीचा भाव दर वर्षी एकरी १७ ते २६ पोत्यांच्या मधे कुठेतरी. माणशी २० पोती खायला लागतात. एक पोतं दोन एकराला पुरतं. एक माणूस १० एकरच कसू शकतो. पीक एकरी १ ते ५, नशिबाने. शिवाय उंदीर, आणि अधूनमधून साथ, ती आली की निम्मं गाव साफ.

आता पहिल्या वर्षाचा हिशोब कर. खायला २०००, पेरायला ५००. राहिले ३००. ह्या तीनशेचं काय करायचं यावर माझ्या वर्गात मारामाऱ्या झाल्यात.

शहरातली मुलं म्हणायची, शिल्लक राहू दे, अडीअडचणीला होतील. एक मुलगा होता, घरची शेती, मागच्या बाकावर गप्प बसणारा. तो म्हणाला, "बाई, ठेवलं की उंदीर खातोय." मी प्रोग्रामची ती ओळ उघडून बघितली. खरंच, उंदीर पडतात ते मागच्या शिल्लकीवर, नवं पीक कोठारात यायच्या आधी. आले तर निम्मं नाहीतर पाव धान्य फस्त. त्या मुलाने तीनशेची जमीन घेतली, पडीक ठेवली, कारण कसायला माणसंच नाहीत. पुढच्या वर्षी भाव चढला तशी विकली. म्हणाला, "जमीन म्हणजे उंदीर न लागणारी कणगी." कोडिंगचं ओ की ठो न कळणाऱ्या त्या पोराने सलग तीन वेळा राज्य शेवटापर्यंत नेलं. बाकीच्यांची तिसऱ्या वर्षी हकालपट्टी. एका वर्षात शंभरातली पंचेचाळीसपेक्षा जास्त माणसं उपाशी मेली की राजाला तिथल्या तिथे घालवतात. जेमतेम टिकलास तर शेवटी तुझी तुलना नीरो आणि चौथा इव्हान या जुलमी राजांशी होते.

हे पाठ होत नाही बघ. भाव आणि पीक दर वेळी बदलतं, पण शेतकऱ्याची अक्कल मात्र तुझ्यापाशी राहते.

---

पांढरीकाठी | बुधवार, रात्री १२:१५

काकू, कमाल! झोपायच्या आधी "एकदाच" म्हणून बसलो, अकरा राज्यं बुडवली. चौथ्या राज्यात साथ आली, निम्मी माणसं गेली आणि मी, देव मला क्षमा करो, खुश झालो, कारण खाणारी तोंडं कमी झाली. मग कळलं की कसणारे हातही गेले. रीडर थंडपणे वाचतो, "इतके लोक उपासमारीने मेले," आणि लगेच, "जमीन किती घेणार?" ह्या थंडपणाचा काटा येतो अंगावर.

पण अजूनही मी सिंहासनावर बसलोय. चालायला मिळत नाही. कुणाकडे चालणारं आहे का?

---

आइंडहोवनकर | बुधवार, दुपारी ३:५०

चालायलाच हवं असेल तर 'हंट द वम्पस'. ग्रेगरी योब, १९७३, कॅलिफोर्निया. त्या वेळी दडलेल्या प्राण्याला शोधण्याचे खेळ निघाले होते, सगळे १० बाय १०च्या चौकटीवर. योबना त्या चौकटींचा वीट आला. त्यांनी खोल्यांची जोडणी घेतली ती द्वादशफलकाची, म्हणजे बारा पंचकोनी पृष्ठांची घनाकृती; तिचा प्रत्येक कोपरा म्हणजे एक खोली. तो आकार त्यांच्या आवडीचा, एकदा त्या आकाराचा पतंगही केला होता म्हणे.

वीस खोल्या, प्रत्येकीतून तीन बोगदे. दोन खोल्यांत खोल खड्डे, दोन खोल्यांत थोराड वटवाघळं (ती उचलून कुठेही नेऊन टाकतात), आणि एका खोलीत झोपलेला वम्पस, म्हणजे तो दडलेला प्राणी. त्याला मारायला तुमच्याकडे पाच बाण. शेजारच्या खोलीत खड्डा असेल तर वारं लागतं, वटवाघळं असतील तर चाहूल, वम्पस असेल तर वास. कुठल्या बोगद्यातून ते मात्र सांगत नाही. बाण वाकडा जातो, पाच खोल्यांपर्यंत, वाट तुम्ही सांगायची. नेम चुकला की वम्पस जागा होतो आणि चारांत तीन वेळा शेजारच्या खोलीत सरकतो. ती खोली तुमची असेल तर राम म्हणा.

मेल्यावर खेळ विचारतो, "तीच मांडणी पुन्हा?" हो म्हटलं तर तीच गुहा, नाही म्हटलं तर खड्डे-वटवाघळं नव्याने वाटली जातात.

मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मराठी संदेश घालून छोटी आवृत्ती केली आहे, निरोपातून पाठवतो. जोडण्या मूळच्याच ठेवल्यात. वाचक-आवाजाला काही खुपलं तर सांगा.

---

पांढरीकाठी | शुक्रवार, रात्री १०:०७

भाऊ, फाइल पोचली. खुपलं ते आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय, "तुम्ही आता बाराव्या खोलीत आहात. येथून तीन, अकरा आणि तेराव्या खोलीत जाता येते. सावधान, तुम्हाला वारा जाणवत आहे." डोळ्यांनी वाचणाऱ्याची नजर थेट "वारा"वर पडते. माझ्या कानाला तिथे पोचायला पूर्ण वाक्य सोसावं लागतं, दर पावलाला. मला असं द्या: "वारं. १२. वाटा ३, ११, १३." जीवघेणं आधी, पत्ता मग.

आता खेळाबद्दल. पहिल्या रात्री वीस खोल्या डोक्यात मावेनात. म्हणून हाताने केल्या. आईकडून वाटाणे घेतले, भिजवले. खराट्याचे हीर बोटभर तोडले. वीस वाटाणे, तीस हीर. भाचा सातवीत आहे, तो म्हणाला मामा हे भूमितीत आहे. दोघांनी मिळून पंचकोनाला पंचकोन जोडत नेला. पूर्ण झाल्यावर उचलला तर सगळं पोळीसारखं बसलं. त्रिकोण असता तर ताठ राहिला असता, पंचकोन लचकतो. रात्रभर चार वाट्यांच्या आधाराने ठेवला. सकाळी वाटाणे सुकून हिरांना घट्ट धरून बसलेले. खोली १, ६ आणि १६ला दोरा बांधला, बाकी मोजत जायचं.

आणि बोटांना ते कळलं जे आकड्यांतून कळलं नव्हतं. १ ते ५ हा एक पंचकोन. १६ ते २० हा समोरचा. मधे ६ ते १५चं दहा खोल्यांचं कडं. कड्यातली सम खोली पहिल्या पंचकोनाला चिकटलेली, विषम खोली शेवटच्याला. इतकंच! पाठ करायला काही राहिलंच नाही. आता डावा हात वाटाण्यावर, उजवा की-बोर्डवर. वटवाघळाने उचललं की बोट खरंच उचलायचं आणि नव्या वाटाण्यावर ठेवायचं. भाचा पोट धरून हसतो.

कालचा एक डाव सांगतो. सुरुवात ११ मध्ये. सामसूम. म्हणजे १०, १२, १९ तिन्ही निर्धोक. १२ मध्ये गेलो: वारं. खड्डा ३ मध्ये नाहीतर १३ मध्ये. मागे ११, तिथून १०, सामसूम. २ मध्ये गेलो: वारं. म्हणजे १ किंवा ३. तुम्ही म्हणाल, दोन्हीकडे ३ आहे, खड्डा तिथेच. मीही म्हणालो. पण खड्डे दोन असतात! १ आणि १३ असेही असू शकतात. हे लक्षात आलं तेव्हा बोट ३ पासून विंचू चावल्यासारखं मागे घेतलं, आणि १ कडेही गेलो नाही.

परत १०, मग ९. वास. वम्पस ८ मध्ये किंवा १८ मध्ये, कारण १० मधून तर मी आलो. पाच बाण आहेत, आठात एक मारून बघू, असं म्हणून मारला. तो अठरात होता. उठला, सरकला, माझ्याच खोलीत आला.

चिडलो स्वतःवर. कारण १०, ११, १९ अशी तीन पावलं चालून गेलो असतो तर कळलं असतं: एकोणिसात वास म्हणजे अठरा, वास नाही म्हणजे आठ. वाट पूर्ण निर्धोक होती, मला माहीत होती. तीन पावलांचा आळस केला. असं हरायला मिळावं हीच माझी मागणी होती की नाही?

---

खडूसकाकू | शुक्रवार, रात्री १०:४४

वाटाण्याची उसळ व्हायची ती गुहा झाली. आईला नमस्कार सांग.

---

पांढरीकाठी | रविवार, दुपारी ४:२९

मंडळी, घात झाला. किंवा शोध लागला, तुम्हीच ठरवा.

परवाच्या त्या नवव्या खोलीवर बोट ठेवून बसलो होतो. ८ एका बाजूला, १८ दुसऱ्या बाजूला. सहज बोट फिरवलं: ९ वरून ८, ७, १७, १८. एक पंचकोन पुरा झाला की! बाण पाच खोल्या जातो, आणि हा फेरा चारच खोल्यांचा. म्हणजे "८, ७, १७, १८" असा एकच बाण सोडला तर वम्पस आठात असो की अठरात, मेलाच. आणि पाचवी खोली सांगायची नाही, कारण पाचवी म्हणजे ९, म्हणजे मी. (हे मी करून पाहिलंय. बाण पाठीत.)

हे कुठल्याही खोलीतून होतं. कुठलेही दोन बोगदे घ्या, त्यांच्यामधे एक पंचकोन असतोच. ज्या बोगद्यातून चालत आलात तो सोडून राहतात दोनच. म्हणजे चालत येऊन वास आला की वम्पस संपलाच समजा.

काल रात्रभर आनंदात होतो, आज सकाळी धास्ती वाटली. हेही कोडंच निघालं की काय?

---

शेंगदाणा | रविवार, सायंकाळी ५:१०

मी काही म्हटलं नाही हं. पण वांगं.

---

पांढरीकाठी | रविवार, सायंकाळी ५:५६

म्हणा की. मी दुपारभर त्यावरच डोकं खाजवलं. नंतरचे सोळा डाव मोजून खेळलो. दहा जिंकलो, सहा हरलो. चारदा खड्ड्यात गेलो, कारण वास येईपर्यंत तर चालावं लागतंच. दोनदा वटवाघळाने नेऊन अशा खोलीत टाकलं की वास आहे पण मी चालत आलेलोच नाही, तिन्ही बोगदे संशयित. चार खोल्यांचा फेरा दोघांनाच पुरतो. तिथे जुगार आहे, आणि हात थरथरतो.

झोर्कमध्ये जे कळलं त्याने पुढचा डाव संपला. इथे जे कळलं त्याने माझी चाल बदलली, पण खड्डे कुठे आहेत ते अजूनही माहीत नाही. आता तर मी स्वतःला एकच बाण देतो.

तरी मान्य करतो, ह्या गुहेचा तळ लागायला महिना पुरेल. वीसच खोल्या. याहून खोल काही आहे का, पण ह्याच जातीचं?

---

आइंडहोवनकर | सोमवार, रात्री ११:३३

आधी तुमची आवृत्ती: संदेश फिरवले, "वारं. १२." असेच येतील आता. ती फाइल आमच्या ऑफिसातल्या एका डच मित्राला दाखवली, तो म्हणाला, मलाही अशीच हवी, डोळे असून.

आणि त्यानेच आठवण करून दिली ती 'केर्कर्क्रुइप'ची. डच शब्द. केर्कर म्हणजे तळघरातली कोठडी, क्रुइप म्हणजे सरपटणं. उच्चार जिभेची गाठ मारणारा आहे, त्याची काळजी करू नका, खेळ इंग्रजीत आहे. व्हिक्टर खाइस्बर्स यांनी सुरू केला, ते लायडनला तत्त्वज्ञान शिकवतात. २०११ मध्ये आला, टेक्स्ट गेम बनवायच्या इन्फॉर्म ७ या साधनावर केलेला, म्हणजे तुमच्या झोर्कच्याच घराण्यातला: खोलीचं वर्णन वाक्यात, हुकूम टाइप करायचे. पण आत्मा नेटहॅकच्या जातीचा. दर वेळी नवं तळघर, नवे राक्षस, मेलात की पहिल्यापासून. शेवटी मालीग्रिस नावाच्या जादूगाराला मारायचं. एक डाव अर्ध्या-पाऊण तासाचा.

त्यात मला सगळ्यात आवडते ती लढाई. तुमच्या पाळीला तुम्ही थेट वार करू शकता किंवा "एकाग्र हो" म्हणू शकता. एकाग्रतेच्या तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीने वार बसण्याची शक्यता वाढते. पण मधे समोरच्याने तुम्हाला जखम केली की एकाग्रता गेली, पुन्हा खाली. तो वार करतो तेव्हा तुम्ही ठरवायचं, चुकवायचा की अडवायचा. आणि ज्याला माराल त्याची ताकद तुमच्यात येते, त्यामुळे आधी कुणाला गाठायचं हा प्रश्न दर तळघरात नव्याने पडतो. कोडं म्हणून एकही नाही. कथा पोस्टकार्डावर मावेल.

---

निमूट | मंगळवार, सकाळी ८:४०

चॅटबॉटवाला प्रतिसाद मागे घेतो. काल हमुराबीत सहाव्या वर्षी माझी हकालपट्टी झाली. ऑफिसात.

---

पांढरीकाठी | पुढचा शनिवार, रात्री ९:१५

उशीर झाला, माफी. बँकेत वार्षिक तपासणी होती, बोर्ड पेटलेला.

केर्कर्क्रुइपमध्ये अकरा वेळा मेलो. सवय व्हायला वेळ लागला, कारण लढाईत आकड्यांची वाक्यं लांब आहेत, दोनदा ऐकावी लागतात. पण ती तिसरी पायरी! दोन पायऱ्या चढलोय, समोर माझ्यापेक्षा मोठं काहीतरी. आता मारू का अजून एक श्वास थांबू? बोर्डवर पंचवीस वर्षं बसून मी एकच गोष्ट शिकलोय, घाईने जोडलेला फोन चुकीच्या टेबलावर जातो. तरी इथे दर वेळी घाईच करतो. आठव्यांदा मेलो ते दोन पायऱ्यांवर वार करून. नवव्यांदा तिसरीची वाट बघताना मेलो. दहाव्यांदा एकाग्र व्हायचं विसरलोच. अकराव्याबद्दल बोलत नाही. मालीग्रिस अजून भेटलेला नाही. आज रात्री बाराव्यांदा.

आणि काकू, तुमच्या शेतकरी विद्यार्थ्याला कुठे असेल तिथे माझा निरोप कळवा. वाटाण्यांची गुहा मी टीव्हीच्या मागे सुकत ठेवली होती. काल हात लावला तर खोली १६ दोऱ्यासकट गायब, १७ अर्धी, २० ला दातांच्या खुणा. तुम्ही सांगितलंच होतं तो मुलगा काय म्हणाला ते. ठेवलं की उंदीर खातोय.

आईने नवे वाटाणे भिजत घातलेत. वीसच मोजून दिले, एकही जास्त नाही.